सातवी पट्टी

ऐलिक्ननं माझ्या ऐरणीवर गाठोडं सोडलं.
सासऱ्याचं नडगीकवच, तीस वर्षं
लोकरीच्या ढिगाखाली पडून राहिलेलं.
चामडं बोटांत भुसा होऊन आलं.
लोखंड मात्र होतं: सात पट्ट्या,
दोन बोटं रुंद, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत,
वरून गंजलेल्या, आतून शाबूत.

"पोरगा सोळाचा आहे," ती म्हणाली,
"आणि पाय सारसाचे."

मी रोदविस्लला बाकावर उभं केलं,
सुतळीनं नडगी मोजली.
माप म्हणजे एवढंच. एक सुतळी, तिला दोन गाठी.
आजोबा सांगायचे, समुद्रापलीकडचे जुने सरदार
असल्याच पट्ट्या पायांना बांधून
नावेसकट पुरले जायचे.
खरंखोटं त्या मातीला ठाऊक.

बैलाचं चामडं मी ओकच्या सालीत मुरलेलं घेतो,
रात्रभर भिजवतो, ओलं असतानाच
लाकडी पायावर ताणून बांधतो,
वाळेपर्यंत त्याला दुसरा आकार सुचू देत नाही.
मग पट्ट्या. प्रत्येकीला पन्हळीचा बाक,
सरळ पट्टी घाव झेलते, बाकाची घाव घसरवते.
दोन पट्ट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढी फट,
नाहीतर माणूस चालणार कसा?
रिबिटाचं डोकं बाहेर, आत पितळेची चकती,
शेपूट ठोकून चपटं, इतकं
की मोजाही अडकू नये.

मागे काही नाही.
मागे तीन वाद्या, तीन बकला,
पोटरी उघडी.
ज्याच्याकडे घोडा नाही, त्याला मागचं लोखंड
चार कोसांतच जड होतं. असं आम्ही सांगतो.
खरं तर लोखंड पुरत नाही.

ल्यूबेकचा एक व्यापारी त्याच आठवड्यात आला होता.
त्यानं दक्षिणेकडचं कवच दाखवलं:
अखंड पत्र्याचे दोन भाग, पोटरीसुद्धा झाकणारे,
बाहेरच्या अंगाला बिजागरी,
दारासारखं पायाभोवती मिटायचं.
किंमत चार बैल.
माझं काम उचलून हसला,
"हे कवच नव्हे, बुवा, हे कुंपण!"
कुंपणच. आम्हाला दुसरं येतं काय?

सारसाच्या पायावर सहाच पट्ट्या बसल्या.
सातवी उरली. "असू दे तुझ्याकडे," ऐलिक्न म्हणाली,
"मजुरीत धर."

मग शहराच्या तटाबाहेर जे झालं ते झालं.
वेशीचं दार आतून बंद होतं,
एवढंच मी बोलेन.
उन्हाळा होता. तिसऱ्या दिवशी माशांपुढे
कुणालाच धीर उरला नाही,
अंगावरचं लोखंड न काढताच
खड्डे भरले.
मी फावडं धरून होतो. सवयीनं
पट्ट्या मोजत होतो. आठ. सात. आठ. पाच.
सहा.
चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.
बक्कल माझं होतं, जिभेला डावीकडे झुकाव असलेलं,
माझी ही खोड अजून गेलेली नाही.
नडगीवर चार घसरलेले ओरखडे,
आत हाड शाबूत.
घाव पोटरीत होता.

पोरगा पळत होता,
की कुणी मागून आलं,
लोखंड सांगत नाही.

ऐलिक्नला मी म्हणालो,
"वाद्या तुटल्या नव्हत्या."
ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.
म्हणाली, "ती सातवी दे."

मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकाला बिजागरी हवी होती.
मी पट्टी तापवली, टोक वळवलं,
पन्हळीचा बाक मोडावा लागला,
त्याला मात्र वेळ लागला.
परवा तिच्याकडून गेलो तेव्हा
ती बोटानं बिजागरीला चरबी चोळत होती,
तेवढ्यात एक कोकरू फाटकातून निसटलं,
आणि आम्ही दोघंही, एवढी वयं झालेली,
त्याच्यामागे धावलो.