डाव्या विंगेतून

स्कारबरोच्या थिएटरात माझी खुर्ची
छत्तीस वर्षं डाव्या विंगेत, दोरखंडांना चिकटून.
हिवाळ्यात नट यायचे,
ऑक्टोबरात हुजूर पक्ष.
फळ्या त्याच, करकर तीच,
मागे निळा पडदा, एवढाच काय तो फरक.

डेन्झिल ऑर्मरॉड आंधळ्या कप्तानाचं काम करायचा.
एका रात्री शेवटच्या अंकात वाक्य विसरला.
वहीत वाक्य, वाक्यावर माझं बोट,
ओठ मी उघडलेसुद्धा;
त्या आंधळ्यानं माझ्याकडे पाहिलं: थांब.

अकरा सेकंद.
भिंतीपलीकडचा खरा समुद्र आत ऐकू आला.
तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी हातमोजे तोंडाशी धरले.

सकाळी पेपरात मौनावर दोन रकाने.
डेन्झिल म्हणाला, अगं,
मासे कुठे खायचे, ते ठरत नव्हतं माझं.

त्या रात्री बाल्कनीत मंत्री होते, ऑब्री केल्सॉल.
नंतर टोपी हातात घेऊन आले:
ती शांतता मला शिकवता?

शिकवली.
पाण्याच्या ग्लासाला हात लावायचा नाही.
चष्मा काढायचा, पण पुसायचा नाही.
लहानपणीच्या घराच्या पायऱ्या मनात मोजायच्या.

पुढं दर ऑक्टोबरात "हा देश..." म्हणून थांबायचे,
सभागृह उभं राहायचं,
चहाची वेळ व्हावी तसं, ठरल्यासारखं.

मग ते वर्ष. भाषणाच्या नवव्या पानावर गोदी.
सहाशे चाळीस माणसं.
त्याच गोदीत केल्सॉलांचा बाप रिव्हेट ठोकत बहिरा झाला होता,
आणि माझा भाऊ अजून कामावर होता.

आकडा म्हणाले आणि थांबले.
चष्मा नाकावरच.
मी मोजत होते. अकरा. चौदा.
त्यांनी विंगेकडे पाहिलं.
त्या नजरेत "थांब" नव्हतं,
"दे" होतं.

शब्द माझ्यापाशी होता: "अपरिहार्य".
मी वही मिटली.

एकोणीस.
मागून कुणीतरी टाळी वाजवली,
मग सगळ्यांनी.
लोकांना वाटलं, यंदा काय कमाल थांबले!
त्या कडकडाटात त्यांनी पान उलटलं
आणि थेट दहाव्यावर गेले, करकपातीवर.

जाताना माझ्याशी बोलले नाहीत.
पेपरमिंटची डबी तेवढी खुर्चीवर ठेवून गेले.

तो शब्द स्कारबरोत कुणी उच्चारला नाही.
गोदी मार्चमध्ये बंद झाली.