कापलेल्या जागी

चाळीस वर्षं मी टोर्लाइवच्या स्वेटरवरून
केल्पचा चिकटा धुतला,
आधी गरम पाण्यानं, मग थंड, मग शिव्या देत.
कार्मॉय बेटावरच्या कुठल्याही बाईला विचारा.
माशाचा वास जातो, डिझेलचा डाग जातो,
हा वाळला की काच होतो
आणि पाणी लागलं की पुन्हा जिवंत.

बर्गनच्या इस्पितळात
डॉक्टर ओसहिल्डनं मला तोच दाखवला,
बोटभर नळीत, निर्जंतुक, पारदर्शक.
माझ्या वैऱ्याला कुणी आंघोळ घालून आणलेलं.
"हायड्रोजेल," ती म्हणाली, "बहुतेक पाणीच.
बाकी अल्जिनेट, समुद्रातल्या शेवाळाचं."
टोर्लाइव खोकला येईपर्यंत हसला.
"कुठल्या खाडीतलं?"
तिला ठाऊक नव्हतं.
त्या कारखान्याला माल देणाऱ्या बोटी चार,
त्यांतली एक आमची.

मांडीतली गाठ काढायची, हे ठरलेलंच होतं.
पण तिची मुळं कुठवर गेलीत
ते सुरीला कळत नाही.
म्हणून मोकळ्या झालेल्या जागी हे ओतायचं.
औषध पोटात घेऊन ते तिथंच
विरजणासारखं लागतं,
आणि आठवडेच्या आठवडे
थोडं थोडं सोडत राहतं.
थेंबे थेंबे तळे साचे, हे ऐकलं होतं.
इथं तळंच थेंबाथेंबानं रितं व्हायचं.
तेच नसेतून भरपूर दिलं, तर कधी कधी
आतडी पेटतात, सांधे पेटतात,
चोर एक आणि मार साऱ्या गावाला.

"म्हणजे औषध गाठीला मारतं?"
"नाही. औषध कुणालाच मारत नाही.
तुमच्याच रक्तातल्या पहाऱ्याच्या पेशी
गाठीपाशी येतात, हुंगतात, परत फिरतात.
आपलेच दात, आपलेच ओठ.
गाठीनं त्यांचा हात धरलेला असतो.
औषध तेवढा हात सोडवतं."

मला आई आठवली.
धाकटा सिग्वार्ट पिऊन बोटीत झोपायचा,
ती काठी घेऊन धक्क्यापर्यंत जायची
आणि त्याच्यावर घोंगडी टाकून यायची.

केल्पच्या एका पट्ट्यात एकदा खरवडलं
की चार वर्षं तिथं फिरकायचं नाही, तसा नियमच आहे.
पाचव्या वर्षी पाण्याखाली पुन्हा जंगल.
टोर्लाइव नकाशावर पेन्सिलीनं तारखा लिहायचा.
डॉक्टरही पाच वर्षांचीच भाषा बोलतात.
आता त्यानं मांडीवर, टाक्यांच्या शेजारी,
पेननं साल लिहून ठेवलंय.
नर्स पुसते, तो पुन्हा लिहितो.
जन्मभर उगवण्याची वाट पाहिलेला माणूस
पहिल्यांदाच म्हणतोय, इथं काही उगवू नये.

सहाव्या आठवड्यात मांडी सुजली.
स्कॅनवर सावली, आधीपेक्षा मोठी.
ओसहिल्डनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
गाठ परत आली असेल,
किंवा पहारेकरी पोचले असतील
आणि ही त्यांची गर्दी असेल.
चित्रात दोन्ही सारखीच दिसतात.
सुईनं तुकडा काढून घेतलाय.
मंगळवारी सांगतील.

आज रविवार.
दुपारभर तो धक्क्यावर बसला,
दुसऱ्यांच्या बोटी येताना बघत,
त्या किती वजनानं खाली बसल्यात याचा हिशेब करत.
"आपल्या खाडीतलं असलं तर टिकेल," म्हणाला.
"तुला स्वेटर आठवतात ना?"
आठवतात.

रात्री तो झोपल्यावर
मी पट्टीवर तळवा ठेवला.
चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या किटलीसारखं गरम.
आत कुणीतरी कामाला लागलंय.
कोण, ते कळायला
अजून दोन रात्री.