काठी

बोगमाळोच्या वाळूवर जाळं सांधता सांधता
इनासनं विचारलं,
बाय, वर तुम्ही टाकीत काठी कशी घालता?

काठी नाही, आकडे असतात.
डावीकडचा, उजवीकडचा, मधला.
किती भरलं, किती जळलं, किती उरलं,
दर थोड्या वेळानं मांडायचं.
बेरीज जुळली नाही तर समजायचं,
कुठंतरी गळतंय.

आणि काही बिघडलं की?
तेव्हा तर जास्तच. तेव्हा सगळे बिघाडाकडे बघतात
नि टाकी विसरते.

त्या रात्री पुढचं चाक उतरेना.
दाबोळीचे दिवे मागे, खाली काळा समुद्र,
आम्ही घिरट्यांवर.
कॅप्टन केंकरे पुस्तिकेत वाकलेले,
पेन्सिल माझ्याकडे.
कुणी विचारलं नाही तरी मी किलो सांगत राहिले,
ते मिनिटं ऐकत राहिले.
मोपाला इतकी. बेळगावला इतकी.
शेवटची तीस कुणाचीच नसतात,
मोजायची, खर्चात धरायची नाहीत.

एकदाच माझा सात
एकासारखा आला.
खोडून पुन्हा लिहिला.

इनासनं सुई दातांत धरली.
मी बाहेरच होतो तेव्हा, म्हणाला,
तुमचा दिवा फिरताना बघितला, चारदा.
माझी काठीसुद्धा
बोटभरच ओली होती.

मग?
मग काय. मोटर बंद केली, वल्हं घेतलं.

आमच्याकडे वल्हं नसतं, मी म्हटलं.

तो बराच वेळ एकच गाठ घट्ट करत राहिला.
म्हणून तर विचारलं, म्हणाला.