साडेपाच तास

बटण दाबलं की आधी काळा पडदा येतो.
त्यावर दोन ओळी, आणि खाली उलटे मोजणारे आकडे.
दहा सेकंदांत ठरवायचं
आज कुणाच्या घरात बसायचं.

सुगतनं हे करून दिलं, दिवाळीच्या सुटीत.
कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून रोग आला
आणि माझे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले,
तीनशे लग्नपत्रिका, बारशी, तेरव्या.
"आई, जुनं पुसून टाकू?"
मी म्हटलं, पुसू नको. बाजूला बांध.
मग त्यानं डिस्कच्या मधोमध भिंत घातली
आणि पलीकडं एक पेंग्विन आणून ठेवला.
दारव्ह्याच्या नऊ किलोमीटर अलीकडं,
जिथं मे महिन्यात कूलरच्या ताटीलाही
वरून बादलीनं पाणी मारावं लागतं.

एका चुलीवर दोन जावा, तसं चाललंय.
पेंग्विननं प्रिंटरला पहिल्याच दिवशी नावानं हाक मारली.
रोगट पेन ड्राइव्ह तो बिनघोर हातात घेतो.
पण अंगठ्याच्या मशीनकडं ढुंकून बघत नाही.
म्हणून शेवंताबाई कुमरे पेन्शनच्या कामाला आल्या
की मी बंद करते, पुन्हा चालू करते,
बाण एक घर खाली.
"काहून वं, बिघडलं का?"
"नाही मावशी, घर बदलतेय."
त्यांचा अंगठा चौथ्या खेपेला लागतो.
खिडक्यांवालीला तेवढा धीर आहे, जुनी आहे ना.

यांना फक्त तिच्याकडचे पत्ते पाहिजेत.
डेपोतून आले की खाकी शर्ट न काढता
काळ्या राजाखाली लाल राणी लावत बसतात.
पेंग्विनकडंही पत्ते आहेत, मी उघडून दाखवले.
"त्याच्या रानीचं तोंड येगळंच हाये,"
म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

एक गोष्ट मला उशिरा कळली.
पेंग्विनला भिंतीपलीकडचं सगळं दिसतं,
तिच्या पत्रिका, तिचे फोटो, यांनी लपवलेला सिनेमा.
तिला मात्र इकडचं काहीच दिसत नाही.
तिच्या लेखी ही जागाच रिकामी, पडीक.
नावात एवढ्या खिडक्या असून.

दिसतं, पण वाचता येत नाही, तेही आहेच.
धाकट्या नणंदेची पत्रिका मी पेंग्विनमध्ये उघडली
तर जुना फॉन्ट पलीकडंच राहिलेला.
निमंत्रकांत, माझ्या नावाच्या जागी
यू एफ वाय यू एच.
सुगत असता तर म्हणाला असता, फाइल खराब झाली.
मी बोटं टेबलावर ठेवली,
टायपिंग क्लासच्या बाकावर ठेवायची तशी,
आणि बोटांनी वाचलं: न, मग वेलांटी, मग ल, मग नी.
नलिनी.
अख्खी पत्रिका अशीच वाचून काढली,
मुहूर्तापासून 'आपल्या येण्यानं'पर्यंत.
पडद्यावर एक अक्षर मराठी नव्हतं.

आणि घड्याळ. त्यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.
पेंग्विनकडून उठून तिच्याकडं गेलं
की ती साडेपाच तास मागं असते.
सुगत फोनवर म्हणतो, एक ओळ टाकायची फक्त, सांगतो.
सांग, म्हणते, कागद सापडला की लिहून घेते.
कागदाचं दुकान आहे माझं.

काल दुपारी चार वाजता शेवंताबाईंना पावती छापून दिली.
त्यांच्या नातीनं वाचून दाखवलं, साडेदहा.
त्यांनी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, मग पावतीकडं,
पावती चौपदरी घडी करून कमरेला खोचली
आणि कूलरसमोर पुन्हा टेकल्या.
"मंग तं अजून लय येळ हाये, बाई," म्हणाल्या,
"बसतो जराशी."