कुठले?

बिटकोच्या चौकात, चहाच्या गाडीवर,
दर रविवारी मनमाडची मॅच पुन्हा होते.
तीच, सत्त्याऐंशीची.
स्कोअर बदलत नाही, दगड वाढतात.
सुरुवातीला पाच-सहा होते,
आता भिकन सांगतो,
अख्खी वॅगन उलटी केली रे आमच्यावर.

आम्ही जेलरोडची पोरं.
बाप नोटा छापायचे प्रेसमध्ये
आणि आमच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते.
क्लबला जर्सी अकराच.
आम्ही बघे तेवीस जण,
आदल्या रात्री फ्रान्सिसच्या आईच्या बादलीत
बनियनं बुडवली, दोन पुड्या नीळ टाकून.
सकाळच्या पॅसेंजरमध्ये निफाडपर्यंत ताशा वाजवला,
लासलगावला कांद्याच्या वासात गप्प झालो,
पुढे कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मैदान रेल्वेचं.
गवत नव्हतं, कोळशाची भुकटी होती.
एका अंगाला यार्ड, तीन अंगांना माणसं,
झाडांवर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं,
आणि एक म्हातारा गोलच्या मागे खुर्ची टाकून
आमच्या गोलकीपरला संथपणे, नावानिशी
त्याच्या खानदानाची माहिती देत होता.

सत्तराव्या मिनिटाला मधू अहिरेच्या पाठीला लागून
चेंडू आत गेला.
त्याचं त्यालाही कळलं नाही.
चार हजार माणसांची शांतता
तुम्ही ऐकली आहे का कधी?
रेफ्रीनं शिट्टी काढून मोज्यात घातली.
ते बघितलं आणि मला कळलं, आता पळायचं.

पुढचं भिकन चांगलं सांगतो.
भिंत कशी चढलो, ताशा कसा फुटला,
सोपान कडलग पिठाच्या गिरणीत लपला
आणि पांढरा होऊन कसा बाहेर आला.
इथे सगळे हसतात. मीही हसतो.

गिरणीच्या पुढची गल्ली भिकनला माहीत नाही.
तिथे दिवा नव्हता.
मी बनियन काढून गटारात टाकलं होतं,
शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलं होतं,
आत घामानं छाती निळी झालेली.
फ्रान्सिस मागे होता, दहा पावलांवर,
बनियन तसंच अंगात.
समोर सात-आठ जण. एकच शब्द :
कुठले?

मी म्हणालो, इथलाच. लोको कॉलनी.
इतक्या पटकन म्हणालो
की मलाच खरं वाटलं.
मागून फ्रान्सिस म्हणाला, जेलरोड.
नाव विचारल्यावर सांगावं, तसं.

कुणीतरी माझ्या हातात खडी ठेवली.
रुळांतली, धारेची, अजून उन्हानं गरम.
मार, म्हणाले.
सगळ्यांनी मारली. मीही.
अंधार होता. नेम धरला नव्हता.
नेम चुकवलाही नव्हता.

मालगाडीच्या गार्डनं आम्हाला डब्यात घेतलं.
फ्रान्सिसच्या भुवईवर माझा रुमाल होता,
निळा आणि लाल मिळून जांभळा झालेला.
ओढ्यापर्यंत तो एकदाच बोलला :
गोल ऑफसाइड होता का रे?

घरी आईनं शर्ट धुवायला घेतला,
कॉलरच्या आतून निळं पाणी निघत राहिलं.
तिनं काही विचारलं नाही.
छाती मी आठवडाभर घासली.

आता फ्रान्सिसची भुवई पांढरी झाली आहे,
तीन टाक्यांच्या जागी मात्र केस नाहीत.
नवी पोरं येतात, परदेशी क्लबांच्या जर्सी घालून,
विचारतात, अंकल, हे कशानं?
सायकलची चेन, तो सांगतो.
दर रविवारी चेन.
आणि नेमका त्याच वेळी बशीवर फुंकर मारत
माझ्याकडे वळून म्हणतो,
साखर कमी आहे का रे आज?

मी म्हणतो, नाही, बरोबर आहे.
पैसे तोच देतो.