विषय क्रमांक चार

नोटीस मी तीनदा लिहिली.
पहिल्या खेपेला ‘तलावाचे पुनरुज्जीवन’ असं लिहिलं,
तर पतिराम वलथरे म्हणाले, का जी सचिव,
तलाव मेला कई होता?
दुसरी माझी मलाच समजली नाही.
तिसरी एका ओळीची:
पुढचं सालभर अर्ध्या तलावात जाळं नाही.
ती संस्थेच्या दाराला डकवली
आणि कोणी वाचायच्या आत सायकलवर टांग टाकली.

संस्था म्हणजे तरी काय,
एकसष्ट सभासद, पत्र्याची खोली,
एक काटा, जो छटाकभर जास्त दाखवतो आणि ते सगळ्यांना माहीत आहे,
लाकडी कपाटात जुनी इतिवृत्तं;
वाळवीनं अध्यक्षांच्या सह्या खाल्ल्या, शिक्के सोडले.
आणि सवय.
तिचं नाव सभासदांच्या यादीत नाही,
पण तिच्यावाचून आमचा कोरम भरत नाही.

पौषापासून घरोघरी फिरलो.
चहा पीत सांगितलं, बेशरम उपटू,
गाळात गाद लावू, चिला लावू,
मग दाडक परतेल, शिंगूर परतेल.
माना हलल्या.
हलणाऱ्या मानांची मला आता भीती वाटते.
यादो एकटाच मान न हलवता म्हणाला,
अर्धा म्हंजे कोनता अर्धा?

तीन महिने बोलत होतो
आणि हेच सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगे काढले.
पाळीपासून खडकापर्यंत बांबू रोवत गेलो,
मोजत, भांडत, एकमेकांच्या आज्यांचा उद्धार करत.
सभा खरी तिथं सुरू झाली.

पाळीवर पुस्तकलाबाई मारबते टोपली घेऊन उभी.
तीस वर्षं बाजारात मासोळी विकते. सभासद नाही.
बायकांनी सभासद होऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही,
उपविधी मी दोनदा वाचले.
म्हणाली, पान्यात का कमी झालं
ते तुमी पान्याले इचारता. टोपलीले इचारा ना.
आणि बोटांवर मोजत गेली:
कोणता मासा कोणत्या साली शेवटचा विकला,
काय भावानं, कोणाच्या दारात.

असा विषय क्रमांक पाच आला, नोटिशीत नसलेला.
तलाव बदलायला निघालेले आम्ही
सतरंजीवर वीतभर सरकताना घामाघूम झालो.

दुपारी दोनला बसलेली सभा दिवे लागल्यावर उठली.
मी लिहिलं, ‘सविस्तर चर्चा होऊन मंजूर.’
पतिरामजींनी हात वर केला नाही,
बाजूनंही नाही, विरोधातही नाही. तंबाखू मळत राहिले.
सकाळी मात्र बेशरमच्या रानात विळा घेऊन
कंबरभर पाण्यात तेच पहिले.

दोन महिन्यांनी एका पहाटे पाहतो,
तर बांबूंची रांग चार हात सरकलेली, बंद अर्ध्यात.
कोणी, ते विचारलं नाही.
खरं सांगू, थोडं बरंच वाटलं;
न मानलेली रेघ रात्री उठून कोण सरकवतो?
पॅन्ट गुडघ्यावर दुमडली, पहिला बांबू उपटला.
रांगेच्या दुसऱ्या टोकाला
कोणीतरी आधीच पाण्यात उतरलेलं होतं,
पाठमोरं.