पात्याचा कल

सियागंजात तीन दुकानं पालथी घातली.
पहिल्यानं रंग दाखवला, हिरवा, तुकतुकीत.
दुसऱ्यानं सवलत, आणि तिच्यावर चहा.
तिसरे कुतुबभाई. चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"मास्टरसाब, पहले ये बताओ, काटना क्या है?"

मी हातानं जाडी दाखवली:
वीत, तिला दोन बोटं कमी.
रामबागेत रस्त्यापायी पाडलेल्या शिसमाचा ओंडका,
ट्रॉलीवाल्याला दोनशे देऊन दारात उतरवलेला,
दोन उन्हाळे जिन्याखाली वाळवलेला,
टोकांना मेणबत्त्या वितळवून फासून.

मग चाकं चौदा इंची, ते म्हणाले.
टेबलापासून वरच्या गाइडपर्यंत किती उंची मोकळी, ती मोजा.
दात इंचाला तीनच. जास्त दात म्हणजे भुसा अडकणार,
लाकूड कापायच्या आधी जळणार.
बटण दाबलं. थरथरत्या पत्र्याच्या त्या दुकानात
टेबलावर एक रुपया कडेवर उभा केला.
बँडसॉ गुणगुणत राहिला, रुपया उभा राहिला.
पैसे मी तिथंच मोजले.

घरी स्कूटरची जागा गेली.
कुंदानं दोन अटी घातल्या:
दुपारी दोन ते चार बंद,
आणि संध्याकाळी बोटं मोजून दाखवायची. दहा.

पातं चाकांवर चढवलं, ताणलं,
तंबोरा लावावा तसं बोटानं छेडून पाहिलं.
गाइड आणि पातं यांच्यात फट ठेवायची कागदाएवढी;
कपाटात कागद सापडला तो कोऱ्या उत्तरपत्रिकेचा.

आधी एका फळकुटावर हात साफ करून पाहिला.
पट्टी पात्याला समांतर, गुण्यानं तपासलेली,
आणि तरी पातं चाललं डावीकडे.
मी लाकूड दाबलं. ते आणखी डावीकडे.
मी जोर लावला. जळका वास आला.

फोनवर कुतुबभाई हसले.
हर पाते की अपनी चाल होती है, साब.
पात्याला दटावू नका. पट्टी वळवा.

दुसरं फळकूट घेतलं, त्यावर पेन्सिलीची रेघ.
पट्टी काढून टाकली, नुसत्या हातानं
रेघेवर राहील असं लाकूड फिरवत नेलं,
आणि अर्ध्यावर थांबलो.
लाकूड ज्या तिरकेपणानं उभं होतं, तो त्याचा कल.
कोनमापक लावला: अडीच अंश.
पट्टी अडीच अंशांनी वळवली.

छत्तीस वर्षं माझ्या हातात पट्टी होती.
सातवी ब मधला आगाशे, डावखुरा,
त्याला भूमितीच्या आकृत्या मी उजव्या हातानं काढायला लावल्या.
रेघ कलली की बोटांवर पट्टी. सागाची, एक फुटी.
वर्षाअखेर त्यानं वहीच आणणं सोडलं.
त्याचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.
अडीच अंश असतील. फार तर तीन.

ओंडका चढवला.
गार्ड लाकडाच्या वर बोटभर उतरवला,
घड्याळ काढलं, बाह्या दुमडल्या, हातमोजे नाहीत,
शेवटच्या दोन इंचांना ढकलायची काठी.
आता काही दाबावं लागेना.
पातं आपल्या वाटेनं चाललं होतं
आणि ती वाट पेन्सिलीच्या रेघेवरूनच जात होती.

फळी सुटली. मी वही उघडावी तसं ते उघडलं.
काळ्या-तांबड्या शिरा, मधोमध एक गाठ,
एका पानावर डावा तळवा, दुसऱ्यावर उजवा;
मूळ कोणता, प्रतिबिंब कोणतं,
लाकूड सांगत नाही.

याचं काय करणार, कुंदा विचारते.
ठरलेलं नाही. लहानसं मेज बहुधा,
वर कागद कसाही, तिरका ठेवला तरी चालेल असं.

बटण बंद केल्यावरही पातं फिरत राहतं,
आवाज न करता, थांबल्यासारखंच दिसत.
तेवढा वेळ कशाला हात लावायचा नाही.
तेवढा वेळ मी हात मागे बांधून उभा राहतो,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.